एका दारात दोन गुढ्या

पौषात आमच्या व्यवसायाला मौन असते. माघात गिऱ्हाईक चौकशी करते, फाल्गुनात घरे पाहत हिंडते आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेला, साडेतीन मुहूर्तांपैकी त्या एका सकाळी, नव्या उंबऱ्यावर पाऊल ठेवते. माझे शिक्षण पाठशाळेत झाले आणि पोट घरांच्या दलालीवर भरले. त्यामुळे कोल्हापुरात लोक मला एजंट न म्हणता गुरुजी म्हणतात. घर दाखवायचे, वास्तूची दिशा सांगायची आणि मुहूर्तही काढून द्यायचा, अशी तिन्ही कामे एकाच माणसाकडून होतात याचे त्यांना समाधान वाटते.

त्या वर्षी कळंब्याला, तलावापासून जवळच, एक बंगली विक्रीला आली. खाली तीन खोल्या, वर दोन, पूर्वेला दार आणि अंगणात कडुलिंबाचे भरदार झाड. वास्तूत दोष काढायला मला जागा नव्हती. मालक चाळिशीचा, पुण्यात नोकरीला होता. कागदपत्रे त्याच्या नावे स्वच्छ होती. एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक असलेल्या त्याच्या वडिलांनी हे घर बांधले आणि पत्नी गेल्यावर मुलाला बक्षीसपत्र करून दिले. "वडलांची संमती हाय, गुरुजी. ते माझ्याबरोबर पुण्यालाच येणार हायत," असे त्याने मला सांगितले होते.

घर दाखवताना वृद्ध माणूस समोर असू नये, असा आमच्या बाजारात संकेत आहे. गिऱ्हाइकाच्या मनात लगेच किंतु येतो. म्हातारा राजी आहे ना? उद्या अडून बसला तर? मुलालाही हे ठाऊक होते. गिऱ्हाईक यायचे असले की तो वडिलांना रिक्षात घालून तलावाच्या बांधावर पाठवी. तेथे ते पाण्याकडे पाहत बसत आणि बोलावणे आले की परत येत. फाल्गुनभर रविवारी हाच क्रम चालला. ऊन वाढले तसे म्हातारे टोपीवरून ओला पंचा घेऊ लागले.

एका रविवारी राधानगरीकडचे एक दूधवाले शेतकरी पत्नीसह आले. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनाचा सरळ. त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरात उभे राहून भांडी कोठे लागतील, फळी कोठे मारावी लागेल, सारे बोटाने मोजले. त्यांना घर इतके आवडले की पाहणे लांबत गेले. तेवढ्यात बांधावर ऊन सोसेनासे झाल्यामुळे म्हातारे स्वतःहून चालत परत आले आणि अंगणात पाहुणे पाहून प्रसन्नपणे हसले.

"बसा की पावणं, उभं का? वरचं बघितलासा? गच्चीवर दुपारी तलावाचा वारा येतोय बघा, पंखा लागत न्हाय. पाण्याची टाकी मी सोता बसवलीया. राहा निवांत. मी हायच की खाली. काय लागलं-सवरलं तर हाक मारायची."

विक्रीचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते, हे मला त्या क्षणी कळले.

दूधवाले मालकाकडे वळले. "खाली राहत्यात म्हंजे? हे कोण?"

मुलगा क्षणभरही अडखळला नाही. "खालचे भाडेकरू हायत. जुनं. पाडव्याआधी सोडणार हायत."

म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले नाही. ते तसेच राहिले, दिवा विझल्यावर वात राहते तसे. त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि ओसरीच्या कडेला जाऊन बसले. आपली नेहमीची खुर्ची त्यांनी घेतली नाही.

पण असत्याची एक रीत आहे. ते एका घरात ठेवले की दुसरी खोली मागते. दूधवाल्यांना म्हाताऱ्या बापाचे जितके भय वाटले असते, त्याहून अधिक भय त्यांना भाडेकरूचे वाटले.

"भाडेकरू हाय म्हटल्यावर मी विसार देणार न्हाय," ते म्हणाले. "माझ्या भावानं असंच घर घेतलं, आन् आतला माणूस अजून उठला न्हाय. कागद वकील बघतील. ह्या पावण्यांनी माझ्यासमोर देवाचा भंडारा उचलून सांगावं."

त्यांच्या पत्नीची नजर सोप्यातल्या देव्हाऱ्याकडे गेली. "अवो, भाडेकरूचा देव मालकाच्या सोप्यात कसा काय?"

"म्हाताऱ्याची श्रद्धा हाय, वहिनी. आपण काय बोलायचं," मुलगा म्हणाला.

मी उठलो. "थांबा. शपथेआधी एक गोष्ट स्पष्ट..."

"गुरुजी," म्हातारे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही मुहूर्ताचं बघा."

ते हात धुऊन आले. ज्या देवासमोर त्यांनी इतकी वर्षे निरांजन लावले, त्याच्याच करंड्यातला भंडारा त्यांनी बेलाच्या पानावर घेतला. उचलण्यापूर्वी त्यांनी दूधवाल्यांना एवढेच विचारले, "पाडव्याची गुढी उभी करून, सांजच्याला उतरवून मग उठलो तर चालंल काय?"

"न्हाय पावणं. त्या दिवशी माझी गुढी. एका दारात दोन गुढ्या न्हाईत."

"बरं." त्यांनी हात कपाळापर्यंत नेला. "ह्या घरात माझं काय न्हाय. माझा कसला हक्क न्हाय. पाडव्याआधी मी उठतो. देवाची आण."

मी प्रत्येक शब्द तपासला. माझ्या शिक्षणाची ती सवय आहे. त्यांनी स्वतःला भाडेकरू म्हटले नव्हते. घर त्यांनी देऊन टाकले होते, तेव्हा त्यात त्यांचे काही नव्हते, हेही खरेच. देवासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मुलाचे खोटे सांभाळायचे होते आणि स्वतः खोटे बोलायचे नव्हते. ती वाट त्यांनी उभ्याउभ्या शोधली. मुलाने लगेच पेढ्यांचा पुडा फोडला. पहिला पेढा दूधवाल्यांना, दुसरा त्यांच्या पत्नीला, तिसरा मला. म्हाताऱ्यांना त्याने अर्धा दिला, साखरेचा त्रास आहे म्हणून.

पाहुणे गेल्यावर मी म्हाताऱ्यांना विचारले, "आपण का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? दिल्यालं परत मागायचं नसतंय. आन् पोराला चारचौघांत खोटं पाडू काय?" मग हलकेच म्हणाले, "भाडं मातर कधी मागितलं न्हाय त्यानं. मालक म्हणून चांगला हाय."

घरी संध्येला बसलो, पण आचमनाचे पाणी ओंजळीतच राहिले. पत्नीने कारण विचारले, ते सांगितले. ती मेथी निवडत होती.

"आणि तुम्ही त्यांना मुहूर्त काढून दिलात?"

"मुहूर्त दोष पाहत नाही. तो सर्वांचा असतो."

"हो. तेवढं एक बरं असतं मुहूर्ताचं," ती म्हणाली आणि देठांचा ढीग माझ्याकडे सरकवला.

आमचा मुलगा, जो आता राजारामपुरीतल्या कचेरीत माझ्या जागी बसतो, दारातून म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथं बोलला असता तर सौदा मोडला असता. गप्प बसलात ते चांगलं झालं." थोडे थांबून त्याने विचारले, "आपल्या घराच्या कागदांचं काय ठरवलंय?"

पत्नीचे मेथी निवडणे थांबले. मी म्हणालो, "पंचांग पाहून सांगतो."

प्रतिपदेला कळंब्याच्या घरी मला मान म्हणून बोलावले होते. गच्चीच्या कठड्याला एसटीच्या कार्यशाळेतल्या सफाईने जोडलेल्या लोखंडी कडीत गुढीची काठी ताठ उभी होती. रेशमी खण, साखरेची माळ, पालथा तांब्या, सारे यथासांग. दूधवाले खुशीत होते. "गुरुजी, मालकानं कडी बघा कसली झकास जोडलीया! पुण्याला नोकरी करतोय, पण हातात कसब हाय."

तेवढ्यात फाटकाशी म्हातारे दिसले. कोरी टोपी, इस्त्रीचा सदरा. चप्पल त्यांनी फाटकाबाहेरच काढली होती.

"या की पावणं!" दूधवाल्यांनी मनापासून हाक मारली. "खोली मिळाली का कुठं?"

"मंगळवार पेठंत."

"भाड्यानं?"

"व्हय. आता सवय हाय की."

"आन् जुनं मालक?"

"पुण्याला. तिथली जागा बारकी हाय म्हणं." ते वर गुढीकडे, कडीकडे पाहत होते. "कडी चांगली धरलीया."

"मालकाचं काम! तेच सांगत होतो गुरुजींना."

"व्हय," म्हातारे म्हणाले. "हात चांगला हाय त्याचा." मग त्यांनी झाडाकडे हात केला. "लिंबाचा एक डहाळा घेऊ काय?"

"घ्या की! सणाचा दिवस हाय, न्हाय कसं म्हणायचं? पर पावणं, पुढल्या साली एवढा हेलपाटा घालू नका. मंडईत मिळतोय की ढिगानं."

म्हाताऱ्यांनी झाडाला हात जोडले आणि टोकाचा, मोहोर आलेला, अगदी लहान डहाळा मोडला. मी त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेलो.

"तिकडे गुढी उभारलीत?" मी विचारले.

"न्हाय. घरमालक म्हणतोय, भाडेकरूंनी गॅलरीत काठ्या लावायच्या न्हाईत."

"मग हा डहाळा?"

त्यांनी चार कोवळी पाने तोडली, दोन माझ्या तळहातावर ठेवली आणि उरलेली स्वतःच्या तोंडात टाकली.

"खायाला, गुरुजी. पाडव्याला कडू खायाचं असतंय न्हवं?"