कापसावर शिकलेली उडी

मुलीने हवेत उडी मारली तर नेमकं कोणाचं काय बिघडतं?

हे मी आमच्या हेडमास्तरांना तोंडावर विचारलं. साल एकोणीसशे ब्याऐंशी, नाचणगावची शाळा, पी.टी. टीचर म्हणून माझी पहिलीच नोकरी.

"मॅडम, पोरीईले लेझीम द्या न. हे चिनी खूळ काऊन?"

खूळ म्हणजे चांगच्वान, 'लांब मूठ' नावाची चिनी युद्धकला. हात पूर्ण ताणायचा, ढांगा मोठ्या, आणि मधूनच हवेत गिरकी घेऊन स्वतःच्या तळहातावर लाथ वाजवायची. नागपूरच्या शिबिरात शिकले आणि वेडीच झाले.

"सव्वीस जानेवारीले दाखवा," हेडमास्तर म्हणाले. "एक जरी पडली, तर दुसऱ्या दिवशीपासून बंद."

मैदान पोरांच्या कबड्डीने अडवलेलं, मैदानाच्या तासाला पोरी वर्ग झाडायच्या. म्हणून माझ्या चौघी विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर जिनिंग कारखान्याच्या आवारात, कापसाच्या गंजीवर शिकल्या. उडी, लाथ, फाट! आणि धप्पकन पाठीवर कापसात. केसांत कापसाचे पुंजके, पोटात हसू. मीही त्यांच्यासोबत लोळले. चूक तिथेच झाली.

सव्वीसला सगळं गाव जमलं. चौघींच्या मुठी सुसाट सुटल्या. मग त्यांतली सुनंदा धावत आली, उडाली, फाट! आणि सवयीप्रमाणे धप्पकन पाठीवर. कडक मुरमावर.

"बाई, आज कापूस नाई जी!" ती पडल्या पडल्या ओरडली.

मी थांबा म्हणेपर्यंत उरलेल्या तिघी उडाल्या. फाट, धप्प. फाट, धप्प. फाट, धप्प. मैदान हसून लोळलं. कोणाला लागलं नव्हतं. चौघीही हसत होत्या.

हेडमास्तर उठले. "हे बी त्या चिनी कसरतीतलंच काय?"

हो म्हणाले असते तर सुटले असते.

"नाही सर. पाय टेकवायला मी शिकवलंच नाही. चूक माझी."

"मंग बंद."

तेवढ्यात सुनंदाची आई उभी राहिली. रोजाने कापूस वेचणारी बाई. "गुरुजी, माही पोरगी वावरात ओझं घेऊन दहा डाव पडते. तवा कोनी वावर बंद केलं नाई."

टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी टोपी काढली, घातली. "सोमवारपासून मैदान आधी पोरीईले. मुरमावर माती टाकून घेजा, मॅडम."

धडा एवढाच: उडी शिकवायच्या आधी उतरणं शिकवावं.

आता तुम्ही एक करा. येत्या शनिवारी गावच्या शाळेत जा. मैदानाच्या तासाला मुली वर्ग झाडताना दिसल्या, तर त्यांच्या हातचा झाडू घ्या आणि हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.