हात न लावता मारलेला पिंपळ

कुंडलिक वानखडे चिडला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. १९८६च्या मे महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर तो इतका हळू बोलला, की सेक्रेटरी नंदकिशोर यांना वाकून ऐकावं लागलं.

कुंडलिकचं नाहूरला मोटार वाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याचं, दुकान आहे. जळक्या मोटारींतली तांब्याची तार तो घाटकोपरच्या अनुपमाबाईंच्या बोन्सायच्या वर्गाला पुरवायचा. फांद्यांना वळण द्यायला ती लागते. तार पोचवता पोचवता तो वर्गात मागे उभा राहू लागला आणि मग स्वतःच्या घराच्या पत्र्यावर आणि घरातही कुंड्या मांडू लागला. बायको द्रौपदी म्हणायची, "झाडाला वाढू देत नाही आणि पोरांना पसरू देत नाही. धन्य आहे तुमची!"

वर्गात सगळ्यांना जपानी ज्युनिपर, ते सुरूसारखं झाड, हवं असे. परदेशातून बी किंवा फांदी आणायची तर सरकारी परवाना लागतो, तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, इथे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते. बाईंनी सोपा मार्ग काढला. त्यांचे दीर जपानहून येताना ओल्या मोज्यांत गुंडाळून फांद्या घेऊन आले. विमानतळावर मोजे उघडले गेले, फांद्या जाळल्या गेल्या. त्यांतली एक कुंडलिकला कबूल केलेली होती. त्या बोलीवर तो वर्षभर बाईंच्या झाडांना फुकट तारा बांधत होता.

"आता मी तरी काय करू?" बाई म्हणाल्या.

"परवाना काढायचा होता," कुंडलिक म्हणाला आणि वर्ग सोडला.

मग इथलंच झाड घ्यायचं ठरवून तो इमारतींच्या भिंती बघत हिंडला. मुलुंडच्या त्या गच्चीच्या कठड्यात त्याला पिंपळ सापडला. खोड मनगटाएवढं जाड आणि वळणावळणाचं, पण फटीत उपाशी राहून उंची गुडघ्याएवढीच. अशी वळणं वर्षानुवर्षं तार बांधूनही येत नाहीत. झाडाच्या बरोबर खाली नंदकिशोर यांची खोली होती, आणि ती गळत होती.

"काढून ने बाबा," ते म्हणाले. "आमच्यात पिंपळ तोडत नाहीत. तुला काय, चालतं."

"मला का चालतं?"

"नाही म्हणजे, तुमच्यात असलं काही नसतं ना."

कुंडलिक बौद्ध आहे. त्याच्या घरातल्या तसबिरीतला बुद्ध पिंपळाखालीच बसलेला आहे. हे त्याने सांगितलं नाही. त्याला झाड हवं होतं.

"आता उन्हात काढलं तर मरेल. पावसाळ्यात नेतो," तो म्हणाला. नंदकिशोर यांनी मान डोलावली. कुंडलिकने छिन्नीने थोडी मुळं मोकळी केली, त्यांना ओलं गोणपाट बांधलं आणि दर रविवारी पाणी घालायला जाऊ लागला.

"मधल्या मधे कुणी तोडलं तर?" द्रौपदीने विचारलं.

तो हसला. "त्यांची टाप नाही पिंपळाला हात लावायची. देवळापेक्षा सेफ आहे तो तिथं."

मे संपता संपता एका रविवारी तो गेला तेव्हा पानं काळी पडली होती. साल बोटानं निघत होती, गोणपाट विरलं होतं. कठड्याशी संडास धुवायच्या ॲसिडची रिकामी बाटली पडली होती.

"हे बघ, हात कुणीच लावला नाही," नंदकिशोर म्हणाले. "नुसतं वरून ओतलं. गेलं आपोआप. तुझं पाणी माझ्या कपाटात उतरत होतं रे!"

"मी नेणारच होतो."

"मग ने की आता. काढ आणि ने."

इथे कुंडलिकचा आवाज उतरला. "मारलं तुम्ही. आणि मढं उचलायला मी?"

खोड तिथेच टाकून तो जिना उतरला.

पिंपळ एवढ्यानं मरत नाही. भिंतीत खोल राहिलेल्या मुळातून गणपतीच्या सुमारास नवा कोंब आला. या वेळी नंदकिशोर स्वतः दुकानात आले.

"पुन्हा फुटलाय रे. घेऊन जा. ॲसिड नाही, काही नाही, शप्पथ."

"येतो. मी छिन्नी मारीन, तुम्ही झाड धरायचं. उघड्या हातानं, सगळ्या सोसायटीसमोर."

"असं कसं, यार? बायको घरात घेणार नाही."

"मग राहू द्या."

कुंडलिकला ते झाड अजून हवं आहे. द्रौपदी सांगते, रविवारी तो मुलुंडला जातो, रस्त्यापलीकडून कठडा बघतो आणि परत येतो. गच्चीवर चढत नाही. कोंबाला आता बरीच पानं आली आहेत. नंदकिशोर यांनी कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं आहे.