गाण्यातल्या मुलीचा शेवटचा शब्द

"रजा कशासाठी घेतली होतीस, सांग सगळ्यांना."

सर हसत होते. मी उभी होते. डहाणूच्या कॉलेजातला इंग्रजी साहित्याचा शेवटच्या वर्षाचा वर्ग. आमच्या पाड्यावरून तिथवर पोहोचलेली मी एकटी.

"आईवडिलांच्या लग्नासाठी, सर."

हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणी विचारले, "करवली होतीस का गं?" सरांनी त्याला गप्प केले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आम्हा वारल्यांत मुलगी आपल्या मनाने मुलाच्या घरी नांदायला जाऊ शकते. पाडा ते मान्य करतो. पुढे कधी मांडव घालण्याची ऐपत आली की धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई, येते आणि गाणी म्हणून लग्न लावते. तोवर कधी कधी मुले मोठी झालेली असतात. माझ्या आईला मी हळद लावली आहे. त्यात लाजण्यासारखे काही असते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

सर इंग्रजीतली जुनी प्रेमगीते शिकवत होते. त्यातला एक साचा असा: सरदार घोड्यावरून चालला आहे. रानात मेंढ्या राखणारी मुलगी एकटी दिसते. तो तिच्या रूपाची स्तुती करतो, भेटवस्तू देऊ करतो. ती नाही म्हणते. तो विनवतो. ती पुन्हा नाही म्हणते. शेवटच्या कडव्यात ती त्याची होते.

"तिचा नकार हा या गीताचा अलंकार आहे," सर म्हणाले. "लिहून घ्या." मग माझ्याकडे वळले. "तुमच्यात तर हे सोपंच. ना मुहूर्त, ना मांडव. गॅदरिंगला हे गीत बसवू या. मेंढपाळीण तू. लुगडं घरचंच आण, मेकअपही लागायचा नाही तुला."

मी लिहून घेतले. हात लिहीत होता, एवढेच.

सरांची चिकूची वाडी सरावलीला होती. आई त्याच वाडीत चिकू उतरवायला जात असे. माझे अंतर्गत गुणही सरांच्याच हातात.

गंजाडला घरी आले, पण बसवेना. अंगणात गेले, आत आले, पुन्हा अंगणात. आई नागलीची भाकरी थापत होती.

"पायाला भिंगरी लागलीय का गं?"

मी तिला ते गाणे सांगितले. वर्गातले हसणे सांगितले नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"मग ती घरी कशी गेली?"

"ते गाण्यात नाही."

"नसणारच. माझी आजी सांगायची, जमीनवाल्या शेटच्या घोड्याचा आवाज आला की बाया गवतात आडव्या व्हायच्या, श्वास धरून. त्याचं कोणी गाणं नाय केलं."

"आणि तू? बाबांकडे?"

"मी चालत गेले. माझ्या पायानं." तिने भाकरी उलटली. "मला कोणी गाठलं नव्हतं रानात."

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रेमगीतांचे पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला काढले. आता वेगळे दिसू लागले. महालातल्या स्त्रीने नकार दिला की कवी झुरतो, फिका पडतो, आयुष्यभर तिच्या शब्दाचा मान राखतो. रानातल्या मुलीने दिला की तो अलंकार. नकार तोच. देणारीचे घर वेगळे. आणि ते शेवटचे कडवे. ते कोणाच्या तोंडी आहे, हे सरांनी विचारले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

तालमीला मी माझी कडवी म्हटली आणि थांबले.

"पुढे म्हण."

"पुढचं मुलीचं नाही, सर. शेवटचं कडवं सरदार म्हणतो. ती राजी झाली हे तो सांगतो. तिचा स्वतःचा शेवटचा शब्द 'नाही' हाच आहे."

"आता तू मला शिकवणार?"

"नकार अलंकार असेल, तर महालातल्या बाईचाही अलंकार म्हणा, सर. मी दोन्ही लिहून घेते."

कोणी हसले नाही.

"ही भूमिका मी करणार नाही," मी म्हणाले. "आणि आईवडिलांच्या लग्नाला मी गेले होते. ज्याला हसायचं असेल त्याने आता हसावं, माझ्याकडे बघून."

भूमिका दुसरीला गेली. भाड्याचे लुगडे आले, टाळ्याही पडल्या. माझे अंतर्गत गुण घसरले. आईला त्या वाडीवर पुन्हा बोलावणे आले नाही. त्याचे कारण तिने विचारले नाही, मीच सांगितले. ती म्हणाली, "वाड्या पुष्कळ आहेत."

आज मी तलासरीत तोच विषय शिकवते. गीताची लय सुंदर आहे, हे मी मुलांपासून लपवत नाही. मात्र अर्थ सांगण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: हे कोण बोलत आहे?

वर्गात अजूनही कोणीतरी हसतेच. मग मी खडू खाली ठेवते. हसणाऱ्याला उभे करते आणि त्या मुलीची कडवी मोठ्याने वाचायला लावते. तिचा शेवटचा शब्द स्पष्ट ऐकू येईपर्यंत मी त्याला खाली बसू देत नाही.