भित्रे नाना

काळाचौकीच्या आमच्या इमारतीत सगळ्यात भित्रा कोण, असं विचारलं असतं तर शेंबड्या पोरानेही नानांकडे बोट दाखवलं असतं. लिफ्टमध्ये ते एकटे चढत नसत. गॅस बंद केला तरी तीनदा हात लावून बघत. मिलच्या रंगखात्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. तिथे एकाने चुकीच्या पिंपात हात घातला होता. त्यापुढचं ते कधी सांगायचे नाहीत.

चाळ जाऊन टॉवर झाला आणि सोसायटीने गच्चीवर भाजीचे वाफे केले, तेव्हा ठिबक सिंचनाचं काम नानांनी घेतलं. गावच्या पोफळीच्या बागेत ते ठिबकमधूनच खत सोडत. इथे टाकीच्या पाइपातून एक नळी काढली होती, तिला विरघळवलेल्या खताचं पिंप जोडलेलं, आणि खत उलटं फिरून पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून मध्ये एक पितळी व्हॉल्व्ह. नानांचा सगळा जीव त्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला. आधी साधं पाणी, मग खत, मग परत साधं पाणी. कॅल्शियमचं खत दुसऱ्या खतात कालवायचं नाही म्हणजे नाही. मी हौसेने त्यांच्या हाताखाली शिकत होते आणि त्यांची थट्टाही करत होते. "हस गो," ते म्हणायचे, "भियालेलो माणूस दोनदा बघता."

नाना तापाने पडले, त्या आठवड्यात मी शहाणपणा केला. ऑफिसला उशीर होत होता म्हणून दोन्ही खतं एकाच पिंपात ओतली. खाली पांढरा गाळ बसला आणि व्हॉल्व्ह चोंदला. तो काढून धुवायला ठेवला, नळी सरळ जोडली. रविवारी बसवू, म्हटलं. नानांना सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी पंप बंद पडला आणि टाकी रिकामी झाली. मी गच्चीवर गेले तर वाफे कोरडे ठाक आणि पिंप अर्धं. खालच्या नळांनी पाइपातलं पाणी आणि त्यामागोमाग पिंपातलं खतही ओढून घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावर सायलीचं तीन महिन्यांचं बाळ होतं, पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावरचं.

मी नानांच्या दारात उभी राहिले आणि कसंबसं बोलले. ते अंगावरची चादर टाकून उठले. "सायली पाणी उकळवते," मी म्हटलं, स्वतःलाच धीर द्यायला.

"उकळून ता जाना नाय," नाना म्हणाले.

ते जिन्याने धावले, तापात, अनवाणी. दर दारावर थाप. "पाणी पिव नकात! नळ बंद करा!" सायलीच्या घरी बाटली अर्धी संपलेली होती. परळच्या हॉस्पिटलात आम्ही दिवसभर बाळाच्या ओठांकडे बघत बसलो, खतातल्या नायट्रेटने निळे पडतात का म्हणून. नाना बाकावर बसून सारखे नखं चावत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरींनी विचारलं, व्हॉल्व्ह कुणी काढला? नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाग माझी. चूक माझी," म्हणाले. लोक नको ते बोलले. सायलीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि उठले नाही.

नाना गावाला निघून गेले. गेल्या शिमग्यात तिकडेच वारले. सायली हळहळली नाही आणि तिला का हळहळ वाटावी? तिची ती मुलगी आता शाळेत जाते, जिन्यात मला मावशी म्हणते.

हे लिहिलेलं सगळ्यांच्या आधी सायलीला वाचायला देणार आहे. कागद हातात घेऊन मघापासून तिच्या दाराशी उभी आहे, आणि बेलवर बोट ठेवायचा धीर होत नाही.