कूलरचं बटण

अंतराळवीर उडण्याच्या ऐन क्षणी मी कूलरचं बटण दाबलं आणि घरातला फ्यूज उडवला.

हा किस्सा मी वर्षानुवर्षं हसत सांगितला. आज अकोल्यात कूलरच्या नव्या वाळ्यावर पाणी पडलं, त्या दिवशीचाच वास आला आणि स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. विज्ञानाचे मास्तर असलेले बाबा माणसं अवकाशात जाताना पहिल्यांदाच थेट बघणार होते. तशी संधी त्यांना पुन्हा मिळालीच नाही. टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर ते घाम पुसत बसले होते आणि मी निर्लज्जासारखा वीजवाल्यांना शिव्या घालत होतो.

फ्यूजची तार बदलेपर्यंत यान दिसेनासं झालं होतं. बाबा म्हणाले, "ते लोक आगीवर बसून गेले, अन् तुयाच्यानं दोन मिन्टं गर्मी सहन नाही झाली."