कँटीनमधला सायरन

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये भर जेवणाच्या सुट्टीत अँब्युलन्सचा सायरन वाजला... आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले.

घाबरू नका, कुणाला काही झालं नव्हतं. साहेबांचा फोन आला होता.

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो. मी क्वालिटीला, आणि तयार माल गाडीत भरून पाठवायचं काम भास्करदादांकडे. मालक म्हणजे साहेब. माणूस मनाने चांगला, पण दिवसभर त्यांचा एकच प्रश्न... गाडी निघाली का?

जेवत असा, नाहीतर रविवारी घरी मटण शिजत असो, फोन येणारच. मशीनच्या आवाजात चुकू नये म्हणून दादांनी त्यांच्या नंबरला तो सायरन लावून ठेवला होता. हळूहळू तो वाजला की आम्हा सगळ्यांच्याच छातीत धडधडायला लागलं.

त्याच आठवड्यात दादांना काम करताना चक्कर आली होती. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली. दादा मला पॅकिंगपाशी गाठून म्हणाले, "ताई, कुनाला बोलू नका. दिवाळीला शेवगावला गेलो की मी माघारी येनार न्हाई. भावासंगं शेती बघीन."

मी नवीन असताना मला सांभाळून घेतलेला हा माणूस. मुलीचं कॉलेज नगरला, सगळा संसार इथला... आणि एका फोनपायी सगळं गुंडाळून जाणार? फार वाईट वाटलं. (हे लिहायला दादांची परवानगी घेतली आहे बरं का.)

तर कँटीनमध्ये सायरन वाजला. दादांनी भाकरी खाली ठेवली, उष्ट्या हाताने फोन उचलला आणि समोरचं काही ऐकायच्या आतच बोलून मोकळे झाले, "व्हय साहेब, निघालीच गाडी."

त्या दिवशी गाडीच नव्हती. कस्टमरच्या प्लांटला सुट्टी होती, आणि ते दादांना, मला, साहेबांना, सगळ्यांनाच माहीत होतं.

साहेब कँटीनच्या दारातच उभे होते, फोन कानाला लावून. दादांच्या चक्करेचं त्यांना नुकतंच कळलं होतं, तब्येत विचारायला शोधत आले होते. सायरन त्यांनीही ऐकला, आमचे चेहरेही पाहिले.

आत येऊन बाकावर बसले. "हा सायरन माझा आहे?" असं विचारलं. माझी जीभ तशीही फारशी ताब्यात नसते. मी सांगून टाकलं की हो साहेब, आणि तो वाजला की आम्हाला कुणालाच जेवण जात नाही.

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. रविवारचे फोन, रजा मागायची धास्ती, सगळं निघालं. साहेब ऐकत राहिले, मध्ये एकदाही "पण" म्हणाले नाहीत. मला तेच फार आवडलं. शेवटी एवढंच म्हणाले, "भास्करराव, मी काय करू?"

दादा म्हणाले, "गाडी निघाली की मीच सांगन. अडकली तर त्येच्या आधी सांगन. तुमी फकस्त इच्यारू नका."

दुसऱ्याच दिवशी डिस्पॅचच्या भिंतीवर फळा लागला. गाडी कधी लागली, कधी निघाली, कुठे अडलंय ते दादा खडूने लिहितात आणि साहेबांना फोटो टाकतात. जेवणात आणि शिफ्ट सुटल्यावर फोन नाही. पॅकिंगमधल्या सविताला दादांचं काम शिकवायला घेतलंय, म्हणजे दादांनाही निवांत रजा घेता येईल.

गेल्या वर्षी साहेबांनी ताणतणावावर मोठ्या वक्त्याचं भाषण ठेवलं होतं... तेव्हा भाषणातही सायरन वाजला होता.

सवय काही लगेच जात नाही. सुरुवातीला साहेब जेवणाच्या वेळी मोबाईल हातात घेऊन गेटपाशी येरझारा घालताना दिसायचे. पण फोन केला नाही. मला हसू यायचं, आणि कौतुकही वाटायचं.

परवा जेवताना पुन्हा सायरन... सगळ्यांच्या माना दादांच्या खिशाकडे वळल्या. दादा आपले शांतपणे भाकरी कुस्करत होते. "रस्त्यावरचा हाय, आपला न्हाई. जेवा."

खरंच अँब्युलन्स होती, नगरकडे निघून गेली. मग माझ्याकडे ठेचा सरकवत दादा हळूच म्हणाले, "ताई, दिवाळीत सविताकडं जरा लक्ष ठेवा. कापूस येचायचा हाय, थोडा उशीर हुईल. पन येतो."

येतो म्हणाले! मी ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर त्याच्यावर फोडलं.

साहेब, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. वाचून लगेच फोन करू नका... उद्या कामावर आले की समोर येऊन थँक्यू म्हणते.