कमरेपर्यंतची बुडी

आधीच सांगून टाकतो – या सदरात येणारे अनुभव वाचून मी आजवर हसत आलो आहे. खंडाळ्याच्या घाटात उभी राहणारी बाई, राजमाचीच्या वाटेवर मागून येणारी पावलं... मी लोणावळ्याच्या शाळेत सायन्स शिकवतो. मुलांनी असलं काही सांगितलं की मी त्यांना फळ्यापाशी बोलावून कार्यकारणभाव समजावतो. तेव्हा माझ्यावर हे लिहायची पाळी यावी यात थोडा न्याय असेलही.

माझ्या अनुभवात भूत नाही. वाचून कुणाच्या अंगावर काटा येणार नाही, उलट हसूच येईल. मला तो सांगताना भीती वाटत नाही, लाज वाटते. म्हणूनच इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. माझं नाव छापू नये अशी संपादकांना हात जोडून विनंती केली आहे. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सुरुवात अप्पामामांपासून करायला हवी. अप्पामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. रेल्वेत पार्सल ऑफिसात नोकरी, भांगरवाडीत बिऱ्हाड. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. वर्षाचा फुकट पास हातात पडला की मामा एकाच गावाला जायचे – काशीला. लोक जन्मात एकदा काशीला जातात आणि जन्मभर तेच सांगतात. मामा दरवर्षी जायचे आणि दरवर्षी काहीतरी नवीन सांगायचे.

काशी कशी बघावी, याबद्दल त्यांची ठाम मतं होती. मोगलसरायहून गाडी पुलावर येते तेव्हा डावीकडच्या खिडकीत बसायचं, म्हणजे सगळे घाट एका नजरेत येतात. "एवढं बघून परत फिरलास तरी पैसे वसूल," असं स्वतः फुकट पासावर जाणारे मामा सांगायचे. उतरायचं ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी वस्तीत, म्हणजे वरणभात मिळतो. आधी कालभैरवाला जायचं, कारण तो गावचा कोतवाल, त्याची परवानगी घेतल्याशिवाय बाकी कुठं फिरायचं नाही. पुढे गल्ल्या. गल्ल्यांत वाट विचारायचीच नाही, विचारलं की पंडा गळ्यात पडतो. "रस्ता चुकलास तर सांडामागून चालायचं. त्या धुडाला अरुंद बोळात मागं वळता येत नाही, म्हणून ज्या बोळातून पलीकडं बाहेर पडता येतं त्यातच तो शिरतो." नाव करायची ती उतरत्या उन्हात, आणि मध्यावर नावाड्याला वल्ही थांबवायला सांगायची.

आणि आंघोळ दुपारी! सगळी दुनिया पहाटे कुडकुडत बुड्या मारते. मामा म्हणायचे, दुपारी पंडे जेवायला जातात, पायऱ्या उन्हानं तापलेल्या असतात, गंगा आपल्या एकट्याची असते.

या आंघोळीशी मावळातल्या बऱ्याच जणांचा संबंध होता. आमच्याकडे कुणी काशीला निघालं की ज्यांना जायला मिळत नाही ते सांगतात, "माझ्या नावाची एक बुडी मारा." जाणाऱ्यानं तिथं आपली आंघोळ झाली की एकेकाचं नाव घेऊन बुडी मारायची, त्याचं पुण्य त्याला लागतं अशी समजूत. मामांना दूध घालणारी औंढ्याची ठकूबाई दरवर्षी बजावायची.

त्या वर्षी मामा निघाले तेव्हा मी तिथंच होतो. ठकूबाई दुधाची चरवी खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, माज्या नावाची इसरू नगा बरं का. मला काय तितं जाया व्हायचं न्हाई."

मला चेष्टा सुचली. म्हटलं, "मामा, माझ्याही नावाची एक मारा. इथं खुर्चीत बसल्या बसल्या पापं धुवून निघाली तर बरंच आहे."

ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली. मामा म्हणाले, "मारतो की." झालं. मी ते त्याच दिवशी विसरलो.

मला तळेगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. वडील पोस्टात, मुलगी इंग्रजी चार यत्ता शिकलेली, नाव इंदू. मला वडील नसल्यानं एरवी मामांनीच जाऊन पाहणी केली असती, पण ते काशीत. शिवाय मी सुधारक! मुलगी आपण स्वतः पाहायची, स्वतः बोलायची, असं मी आईला सांगितलं होतं. रथसप्तमीचा दिवस धरला आणि आई आणि मी पॅसेंजरनं तळेगावला गेलो.

स्टेशनवरून टांगा करून थेट घरी गेलो. वाटेत कुठं उतरलो नाही, तळ्याकडे तर फिरकलोसुद्धा नाही – हे मुद्दाम सांगतो. दिवाणखान्यात पांढऱ्या चादरीची गादी, लोड. मी मांडी घालून बसलो. अंगात कोट, डोक्याला टोपी, नवं करवतकाठी धोतर. मुलीचे वडील समोर. आई जरा बाजूला, मुलीच्या आईशी बोलत.

वडील म्हणाले, "पत्रिका जुळते आहे."

झालं, मला व्याख्यानाला विषयच मिळाला. ग्रह किती मैलांवर आहेत, त्यांचा आपल्या लग्नाशी संबंध काय, विसाव्या शतकात शिकल्यासवरल्या माणसांनी हे धरून बसावं का... इंदू पोह्यांच्या बशा घेऊन आत आली तेव्हा मी अगदी रंगात होतो. तिनं बशा ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या उचलला.

तेवढ्यात माझ्या पावलांना गार लागलं.

कसं सांगू... मी मांडी घालून बसलो होतो, हे दिसत होतं. पण पाय मात्र खाली उतरत होते. तळव्याखाली शेवाळलेला, निसरडा दगड. एक पायरी उतरल्यावर घोटे बुडाले, पुढच्या पायरीला पोटऱ्या, मग गुडघे. हाडं दुखतील इतकं गार पाणी, आणि त्याला ओढ होती, ते एका बाजूनं वाहत होतं. माझं वाक्य "तेव्हा आपण" इथंच तुटलं. पाणी कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. मग जसं आलं तसं ते गेलं.

मी खाली पाहिलं. धोतर कमरेपासून निथळत होतं. वरचा कोट कोरडा ठणठणीत. पांढऱ्या चादरीवर ओल पसरत चालली होती.

मुलीच्या वडिलांचं लक्ष अजून माझ्या तोंडाकडेच होतं, "तेव्हा आपण" काय ते ऐकायला. दोघांच्या आया आपसात बोलत होत्या. पाहिलं ते फक्त इंदूनं. ती समोरच उभी होती. तिची नजर चादरीवर गेली, माझ्या तोंडावर आली, आणि मला जे कळायचं ते कळलं. तिला वाटलं असेल ते कुणाही माणसाला वाटलं असतं तेच! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याच क्षणी तिनं अख्खा तांब्या माझ्या मांडीवर ओतला.

"अगं बाई, हात सटकला," ती म्हणाली.

मग एकच धांदल उडाली. तिच्या आईनं सगळ्यांदेखत तिला धांदरट म्हटलं, वडील ओशाळले, कुणी पंचा आणला, कुणी कोरडं धोतर. इंदू मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. चादरीखालची गादीसुद्धा भिजली आहे, एका तांब्याचं पाणी एवढं कसं, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

परतीच्या गाडीत ओल्या धोतराचं बोचकं माझ्या पायाशी गळत होतं. कामशेत गेल्यावर आई म्हणाली, "मुलगी दिसायला बरी आहे. पण पाहायला आलेल्या माणसाच्या अंगावर तांब्या सांडते, ती संसार काय करणार? नाही म्हणून कळवते."

नकार गेला असता तर तळेगावभर झालं असतं, पोस्टातल्यांची इंदू धांदरट, हाताला वळण नाही. पुढचं स्थळही तेच ऐकून आलं असतं. तिनं माझी अब्रू झाकली होती आणि त्यापायी तिची जात होती. बोलायला हवं होतं. पण बोलायचं काय? मळवली येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो.

शेवटी म्हटलं, "आई, तिचा हात सटकला नाही. तिनं मुद्दाम ओतलं. मी... आधीच ओला होतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. डब्यात दोन बायका आणि एक भाजीवाला होता. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "लहानपणी होतं रे तुला. मुंजीनंतर थांबलं असं मी धरून चालले होते."

"तसं नाही आई..."

"असू दे, असू दे." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सत्तावीस वर्षांचा मास्तर मी! थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मग होकारच कळवू. अशी मुलगी पुन्हा मिळायची नाही."

घरी आल्यावर धोतर मी स्वतः धुतलं, आईला हात लावू दिला नाही. बादलीच्या तळाशी बारीक, चमकणारी वाळू बसली. सायन्सचा माणूस म्हणून चिमूटभर शाळेत नेऊन भिंगाखाली धरली. वाळू वाळूसारखीच दिसली.

मामा आले. काशीहून आलेल्यानं गंगापूजन करून मावंदं घालायचं असतं, तशी भांगरवाडीत पंगत झाली. बुडीचं मला तोवर आठवलं होतं. मामांना परसात गाठलं.

"मामा, रथसप्तमीला बुड्या मारल्यात?"

"हो. दुपारीच, नेहमीसारख्या."

"माझ्या नावाची?"

मामा जरा चोरटे हसले. "खरं सांगू? पाणी यंदा फारच गार होतं. ठकूबाईची पुरी मारली तर डोकं बधिर झालं. तुझं नाव राहिलं होतं. म्हटलं, पोरगं तर काही मानत नाही, त्याला कमरेपर्यंत पुरे. उतरलो, नाव घेतलं, वर आलो. का रे? काही झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मामांनी डोकं बुडवलं असतं तर मी टोपीसकट भिजलो असतो, चारचौघांनी चमत्कार म्हणून हात जोडले असते. कमरेपर्यंतच उतरले म्हणून माझी ही गत.

पंगतीला ठकूबाई आली होती. गंगेचं पाणी डोळ्यांना लावून ती भिंतीशी बसली होती. तिला विचारलं, "ठकूबाई, रथसप्तमीला दुपारी तुम्हाला काही वाटलं का? अंग गार पडलं, भिजलं असं काही?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "गवऱ्या थापीत व्हते म्या. कशानं भिजंल अंग? पन मास्तर, आप्पांनी माजं नाव तितं घेतलं, लय झालं की."

जिनं मनापासून मागितलं ती कोरडी राहिली, आणि मी चेष्टा केली तर मला मिळालं. यात कार्यकारणभाव कुठं बसवायचा? मन घाबरलं की शरीर दगा देतं, ही थिअरी मी प्रामाणिकपणे लावून पाहिली. पण मी घाबरलो नव्हतो, उलट चढून बोलत होतो. शिवाय एका माणसात तेवढं पाणी मावत नाही. आणि वाळू? पुरावा म्हणून दाखवावं तर त्या गादीवर वरून तांब्याही ओतलेला. आजही मला उलगडा झालेला नाही. कुणाला सुचला तर जरूर कळवावा.

लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात मी इंदूला सगळं सांगितलं – मामा, घाट, ठकूबाई, वाळू. तिनं शांतपणे ऐकलं. "बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. पुढे दर दोनतीन वर्षांनी मी तो विषय काढायचो. ती एकदाही हसली नाही, वाद घातला नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं काशीला गेलो. मामा आता थकलेत, पण निघताना त्यांनी सगळं माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलं. डावीकडची खिडकी धरली, कालभैरव केला. सांडामागून चालताना इंदू लहान मुलीसारखी खूश होती, आणि खरोखर आम्ही बरोबर घाटावर बाहेर पडलो. दुपारची वेळ, घाट मोकळा. ती कोरडं धोतर हातात घेऊन वर पायरीवर उभी राहिली आणि मी पाण्यात उतरलो.

पहिल्या पायरीला घोटे, दुसरीला पोटऱ्या, मग गुडघे. तोच निसरडा दगड, तीच ओढ, हाडात शिरणारा तोच गारठा. कमरेपर्यंत आलो. वळून ओरडलो, "इंदू, हेच! अगदी असंच झालं होतं!"

तिनं आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग दोन पायऱ्या खाली येऊन, माझ्यापुरत्या आवाजात, फार मायेनं म्हणाली, "असू द्या हो आता. मी कधी कुणाला सांगितलंय का?"